जिथे निसर्गच विसण घालतो

मैत्रिणींनो, तुमच्या घरात सर्वांत शेवटी आंघोळ कोणाची होते, हे मी विचारायला नकोच! आधी कामावर जाणारे, मग शाळा-कॉलेजवाले, मग वडीलधारे, मधेच आलागेला पाहुणा, आणि सगळ्यांचं आटोपून, ओटा आवरून आपण न्हाणीघरात शिरावं तर उरलेलं पाणी कोमट. आमच्या सासरी तांब्याचा मोठा बंब होता. पहाटे उठून तो पेटवायचा, घंगाळात कढत पाणी काढायचं आणि ज्याच्या त्याच्या अंगाला सोसेल असं विसण घालून द्यायचं, हे सारं काम बायकांचं. आता बंब अडगळीत गेले, नाहीतर दिवाणखान्यात शोभेला आले. गीझर आले, गच्चीवर सोलर बसले. पण रांगेतला आपला नंबर काही पुढे सरकलेला नाही, खरं ना?

अशा आपल्यासारख्या बायकांना मुद्दाम सांगावं असं एक ठिकाण मी पाहून आले. तिथं कढत पाण्याची चक्क नदी वाहते. रात्रंदिवस, बारा महिने. विस्तव पेटवायचा नाही, बिल भरायचं नाही, आणि त्यात विसणसुद्धा निसर्गच घालतो! मात्र तिथवर गाडी जात नाही. डोंगर चढून पायीच जावं लागतं. गेल्या जून महिन्यात मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई त्या पाण्यात बसून आलो. त्यांचं वय ६६, माझं ६१. ‘या वयात कसलं गं डोंगर चढणं!’ असं तुमच्यापैकी जिला वाटत असेल, तिच्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

नावातच वाफ

ठिकाण आहे आइसलंडमध्ये. नकाशात युरोपच्या पार वर, उत्तर ध्रुववृत्ताला टेकलेलं हे बेट. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, आणि सगळ्या देशाची वस्ती चार लाखांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी माणसं! जाऊबाईंची लेक तिकडे युरोपात नोकरी करते. तिनं आम्हां दोघींना बोलावून घेतलं आणि म्हणाली, “आई, काकू, राजवाडे-बिजवाडे मागाहून बघू. आधी तुम्हांला वाफेच्या खोऱ्यात नेते.”

त्या खोऱ्याचं नाव रेक्यादालूर. ‘दालूर’ म्हणजे दरी किंवा खोरं आणि ‘रेक्या’ म्हणजे धूर, वाफ. राजधानीच्या रेक्याविक या नावातही तोच शब्द आहे. ‘विक’ म्हणजे समुद्राचा आत शिरलेला भाग. जमिनीतून निघणारी वाफ पाहूनच गावांना आणि दऱ्यांना नावं पडली. आपल्याकडे नाही का, ऊन पाण्यावरून उन्हाळे, उन्हवरे अशी नावं पडली, तसंच हे.

आता तुम्ही विचाराल, बर्फाच्या देशात एवढं गरम पाणी आलं कुठून? त्याचं असं आहे. पृथ्वीचं कवच अखंड नाही, मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. त्यांपैकी दोन तुकडे, एक अमेरिकेकडचा आणि एक युरोपकडचा, ज्या सांध्यावर मिळतात तिथंच आइसलंड बसलेलं आहे. हे दोन तुकडे दर वर्षी साधारण दोन सेंटीमीटर एकमेकांपासून दूर सरकतात. जुनं पोलकं ताणलं की शिवण उसवते ना, तशी तिथली जमीन उसवत असते. त्या उसवलेल्या जागेतून पोटातला तप्त रस वर येऊ पाहतो. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, तापलेल्या खडकाला भिडतं आणि कुकरच्या शिटीसारखं फुसफुसत वर येतं. रेक्यादालूर हे हेंगिल नावाच्या ज्वालामुखी डोंगराच्या कुशीत आहे. उंची जेमतेम आठशे मीटर. त्याचा शेवटचा उद्रेक झाला त्याला अदमासे दोन हजार वर्षं झाली. डोंगर शांत आहे, पण पोटातली धग काही विझलेली नाही.

आपल्या कोकणातही वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरकडची आरवली, तुरळ, राजवाडी आणि पार राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत उन्हाळ्यांची माळच आहे. सह्याद्रीचा काळा कातळ हाही लाव्हाचाच, पण तो निवून साडेसहा कोटींहून अधिक वर्षं लोटली. आपल्या झऱ्यांखाली आज ज्वालामुखी नाही. तिथलं पाणी फटींतून खूप खोल जातं, आणि खोलवरच्या जमिनीच्या आपसूक उष्णतेनं तापून वर येतं. चूल वेगळी, पण पाणी ऊनच! आइसलंडचा तो काळा, भोकाभोकांचा दगड हातात घेऊन जाऊबाई म्हणाल्या, “अगं, हा तर आपल्या पाट्या-वरवंट्याचा भाऊ दिसतोय.” त्या अगदी बरोबर बोलल्या. दोन्ही दगड बेसाल्टच.

रस्त्यातलं नवल

रेक्याविकहून आम्ही निघालो ते ह्वेरागेर्दी नावाच्या छोट्या गावाकडे. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. वाटेत हेल्लिसहेदी नावाचं उघडं-बोडकं पठार लागतं. दोन्ही अंगांना काळा लाव्हा आणि त्यावर हिरवट-राखाडी शेवाळाची गादी. इतकी जाड की पाय बुडेल. पण पाय ठेवायचा नाही हं! ते शेवाळ एकदा तुडवलं गेलं की पुन्हा भरून यायला कित्येक दशकं लागतात.

त्याच पठारावर पांढऱ्या वाफेचे खांब उभे दिसले. मला वाटलं, कुठं आग लागली की काय! तर ते निघालं वीजकेंद्र. २००६ साली सुरू झालेलं. जमिनीतल्या वाफेवर तिथं वीज तयार होते, आणि तापवलेलं पाणी लांबच लांब नळातून थेट रेक्याविकच्या घरांत जातं. त्या देशातली दहांतली नऊ घरं अशा जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. नळ उघडला की कढत पाणी! काही भागांत त्याला गंधकाचा, शिळ्या उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो एवढंच. पहिल्या दिवशी आम्ही दोघी नाकाला पदर लावून होतो, तिसऱ्या दिवशी वास येतोय हेही विसरलो. प्यायचं थंड पाणी मात्र अगदी नितळ आणि गोड.

ह्वेरागेर्दी गावात तर घराशेजारच्या जमिनीतून वाफ निघते. तिथल्या माणसांनी त्या वाफेवर काचघरं तापवली आणि बर्फाच्या देशात टोमॅटो, काकड्या, फुलं पिकवायला घेतली. जवळच्या शेतकीच्या काचघरात केळीसुद्धा लावल्या आहेत! बाहेर बोचरा वारा आणि आत केळीची पानं. त्यावर जाऊबाईंनी लगेच विचारलंच, “मग जेवायला पान मिळेल का?”

पण ही धग फुकट मिळत नाही, बरं का. २९ मे २००८ रोजी या भागात मोठा भूकंप झाला, ६.३ तीव्रतेचा. घराघरांतली कपाटं उलथली, कपबशांचा चुरा झाला. सुदैवानं माणूस एकही दगावला नाही. पण गावामागच्या उतारावर, जिथं पूर्वी काही नव्हतं तिथं, नवे कढत झरे फुटले. रात्री झोपावं आणि सकाळी परसात चूल पेटलेली दिसावी, तसं ते! अशा जमिनीवर ही माणसं संसार थाटून आहेत.

चढण

गावापासून थोडं पुढे गाडीतळ आहे, तिथून पायवाट सुरू होते. गाडी उभी करायला पैसे पडतात, पाण्यात उतरायला मात्र काहीच पडत नाही. सुरुवातीलाच उपाहारगृह आहे, तिथं सगळं आटोपून घ्यावं, कारण वर खोऱ्यात स्वच्छतागृह नाही. ही गोष्ट कुठल्याही गाइड-पुस्तकात पहिल्या पानावर छापायला हवी, असं माझं मत आहे. बायकांना प्रवासात पहिली चिंता हीच असते की नाही?

वाट एका बाजूनं साडेतीन किलोमीटरच्या आसपास. चढ एकूण दोनशे मीटरच्या घरात. आपली पर्वती माहीत आहे ना, तिथल्यासारख्या पायऱ्या नाहीत, पण पहिलाच टप्पा चांगला उभा आहे. तरुण मंडळी तासाभरात पोचतात. आम्हांला पावणेदोन तास लागले आणि त्याची लाज अजिबात वाटली नाही. वीस पावलं चालायचं, काठीवर रेलून मागं वळून बघायचं, पुन्हा वीस पावलं. जाऊबाईंचे गुडघे कुरकुरतात. पण त्यांनी महिनाभर आधीपासून रोज जिने चढ-उतर करून तयारी केली होती, तिचा फार उपयोग झाला.

वाटेत दोन्ही बाजूंना हिरवे उतार, त्यावर चरणाऱ्या गुबगुबीत मेंढ्या. मधेच छोट्या चणीचे, आयाळ कपाळावर आलेले घोडे. निम्मी वाट सरल्यावर एका खोल घळीत धबधबा दिसतो. आणि मग सुरू होतो त्या खोऱ्याचा खरा संसार! इथं जमिनीतून वाफेचा भपकारा, तिथं राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटतोय, पलीकडे डबक्यातलं निळसर पाणी खळाखळा उकळतंय. काही ठिकाणी वाट वाफेच्या ढगातूनच जाते, चष्म्यावर धुकं धरतं. जागोजागी पाट्या आहेत: वाट सोडू नका. त्या पाट्या शोभेला नाहीत. वरून जमीन घट्ट दिसते, पण साय धरलेल्या दुधासारखा तो नुसता पापुद्रा असतो. पाय पडला की खाली उकळतं पाणी.

इथं जाऊबाई थबकल्या. माझ्या हाताला त्यांनी गच्च धरलं.

त्याला कारण होतं, ते त्यांच्या परवानगीनं सांगते. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत, पहाटेच्या घाईत, त्यांच्या पायावर कढत पाण्याचं घंगाळ लवंडलं होतं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय भाजला. महिनाभर अंथरुणावर होत्या, आणि उठल्या त्या पुन्हा बंबापुढे. त्या पायावरची कातडी अजून आक्रसलेली आहे. मी त्या घरात चाळीस वर्षांपूर्वी आले, पण तो पाय मी स्वतः दोनदाच पाहिला असेन. नऊवारी गेली, पाचवारी आली, पुढे पंजाबी ड्रेसही आले, पण त्यांचा घोटा कधी दिसला नाही. घराण्यात कुणी समुद्रावर, तलावावर गेलं की त्या म्हणायच्या, “तुम्ही जा पाण्यात, मी कपडे सांभाळते.” इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांचे कपडे सांभाळले.

त्या रटरटत्या चिखलापुढे उभं राहूनही त्या तेच म्हणाल्या. “मी येते वरपर्यंत. पण पाण्यात तुम्ही दोघी उतरा. मी आपली काठावर बसेन, कपडे सांभाळीन.” लेक काही बोलायला गेली, मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. काही गोष्टींत आग्रह करायचा नसतो.

पाण्यात

चढण संपून वाट सपाट झाली आणि नदी दिसली. नदी कसली, आपल्याकडचा ओढाच. रुंदी चार-पाच पावलं, खोली गुडघाभर. हिरव्या काठांमधून वाहणारा, वर वाफेचा विरळ पदर. काठाकाठानं लाकडी फळ्यांची वाट केली आहे, मधे मधे उतरायला पायऱ्या आहेत. दगड रचून ठिकठिकाणी पाणी थोडं अडवलं आहे, त्यामुळे बसलं की छातीपर्यंत पाणी येतं.

आता गंमत ऐका. वरच्या अंगाला पाणी कढत, तिकडे जाववत नाही. जसजसं खाली यावं, तसतसे थंड झरे येऊन मिळतात आणि पाणी निवत जातं. म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या अंगाला सोसेल ती जागा शोधायची. अगदी कढत आवडणाऱ्यानं वर बसावं, कोमट आवडणाऱ्यानं खाली. विसण घालून देणारी बाई नाही, आणि ‘फार गरम झालं’, ‘फार गार झालं’ म्हणून ओरडणारं कोणी नाही!

कपडे बदलायला मात्र बंद खोली नाही. लाकडी फळ्यांचे आडोसे उभे केले आहेत, त्यांना ना दार ना छप्पर. पहिल्यांदा जरा कसंसंच होतं. पण दोन मोठे पंचे आणि एक मैत्रीण बरोबर असली की आडोसा पुरतो, हे आपल्या बायकांना गंगा-गोदावरीच्या घाटांवर पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आणि खरं सांगू? तिथं कुणी कुणाकडे बघतही नाही. जाड, बारीक, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळ्या जणी मजेत पाण्यात बसलेल्या. पोहण्याच्या तोकड्या कपड्यांतल्या होत्या तशा अंगभर पोशाखातल्याही होत्या. आम्ही दादरहून अंगभर कापडाचे पोहण्याचे पोशाख आणले होते, पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे. जाऊबाईंचाही आणला होता, त्यांना न सांगता.

मी आणि पुतणी पाण्यात बसलो. पावणेदोन तासांच्या चालीनं अंग आंबलं होतं, ते त्या पाण्यात असं सैल पडलं म्हणून सांगू! तोंडावर थंडगार वारा, गळ्यापर्यंत ऊन पाणी, आणि समोर हिरवा डोंगर. जाऊबाई काठावरच्या फळीवर आमचे कपडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी तिथलीच एक पिकल्या केसांची बाई पाण्यात बसली होती. त्यांची भाषा आम्हांला येत नव्हती, आमची तिला. तिनं जाऊबाईंकडे पाहिलं, थोडी सरकली आणि पाण्यावर हातानं दोनदा थापटलं. ‘ये, बस इथं’, असं. बस्स, एवढंच.

जाऊबाईंनी कपड्यांची चळत बाजूला ठेवली. बाही वर केली आणि वाकून कोपर पाण्यात बुडवलं. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालण्याआधी आपण पाणी पाहतो ना, अगदी तसं. चार पावलं खाली जाऊन पुन्हा कोपर बुडवलं. तिसऱ्या ठिकाणी त्यांचं समाधान झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू आणलेला तो पोशाख कुठं आहे? मला ठाऊक आहे, तू आणला आहेस.”

पंचे धरून आम्ही दोघी उभ्या राहिलो. घोट्यापाशी पोशाख वर सरकत होता आणि ती आक्रसलेली कातडी दिसत होती. त्यांनी खाली ओढून पाहिला, पुन्हा सरकला, मग त्यांनी नाद सोडला. पायरी धरून पाण्यात उतरल्या, आधी चांगला पाय, मग तो. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पाणी बरं आहे.” आणखी थोड्या वेळानं म्हणाल्या, “हे संपत नाही, नाही का?”

दीड तास झाला तरी त्या उठेनात. शेवटी लेकीनंच हाक मारली, तर म्हणाल्या, “आता तू कपडे सांभाळ.”

धुणंवाल्यांची वाट

त्या देशात गरम पाण्याच्या गोष्टी हजार वर्षांपासूनच्या आहेत. इसवी सन १०००च्या सुमारास तिथल्या सभेनं ख्रिस्ती धर्म स्वीकारायचं ठरवलं, तेव्हा काही सरदार मंडळी अडून बसली की बाप्तिस्मा घेऊ, पण थंड पाण्यात नाही! मग वाटेवरच्या लॉयगारवात्न इथल्या ऊन झऱ्यात त्यांचा विधी झाला, असं तिथं सांगतात. तेराव्या शतकातला इतिहासकार स्नोरी याचं दगडी गोल स्नानकुंड रेकहोल्ट इथं आजही दाखवतात. आणि शनिवारला त्यांच्या भाषेत शब्द आहे ‘लॉयगारदागुर’, म्हणजेच न्हाण्याचा वार.

पण मला सर्वांत जास्त लक्षात राहिली ती रेक्याविक शहरातली जागा. शहराच्या मध्याहून तीनेक किलोमीटरवर पूर्वी कढत पाण्याचे झरे होते. शहरातल्या बायका आणि मोलकरणी धुण्याची ओझी पाठीवर घेऊन, चिखलातून आणि बर्फातून तिथवर चालत जायच्या, दिवसभर कपडे धुवायच्या आणि ओल्या कपड्यांचं दुप्पट झालेलं ओझं घेऊन परत यायच्या. पाय घसरून उकळत्या पाण्यात पडल्यामुळे त्यांतल्या काही जणी भाजून मेल्या. तेव्हा कुठे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, झऱ्यावर लोखंडी कमानींचे कठडे बसवले गेले. त्याआधी १८७५ साली स्थापन झालेल्या थोरवाल्डसेन नावाच्या महिलामंडळानं त्या बायकांसाठी तिथं धुण्याचं घर बांधून दिलं होतं. म्हणजे बायकांची काळजी आधी बायकांनीच घेतली. पुढे १९३० साली याच भागातलं गरम पाणी नळानं शहरात आणून एक शाळा आणि काही घरं तापवली गेली, आणि तिथूनच आजच्या त्या घरोघरच्या गरम नळांची सुरुवात झाली.

रेक्याविकचा आजचा सर्वांत झगमगता बाजाररस्ता ‘लॉयगावेगुर’ म्हणजे झऱ्यांकडे जाणारा रस्ता. धुण्याची वाटच ती! दुकानांच्या काचांपुढे फोटो काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या झऱ्याच्या जागी गेलो. लोखंडी कमानी आहेत, त्या बायकांची छायाचित्रं लावलेली आहेत, आणि जवळच्या बागेत आस्मुंदुर स्वेन्सन या शिल्पकारानं घडवलेला धुणंवालीचा पुतळा आहे. जाऊबाई कमानीला हात लावून बराच वेळ उभ्या होत्या. “इथंही बायकाच भाजल्या म्हणायच्या,” एवढंच म्हणाल्या. मग पुतळ्यापाशी जाऊन आपल्या पिशवीतलं बागेतलं वेचलेलं एक पिवळं फूल त्यांनी पायाशी ठेवलं.

जाणार असाल तर

आता थोडं कामाचं बोलते. जून ते ऑगस्ट हा काळ आपल्याला बरा. जूनमध्ये तर रात्र म्हणून होतच नाही, रात्री अकरालाही उजेड असतो. हिवाळ्यात वाट बर्फाळ होते. बर्फ वितळण्याच्या दिवसांत चिखल माजतो, आणि पायदळी तुडवून खोऱ्याची नासाडी होऊ नये म्हणून वाट बंदही ठेवतात. २०१८च्या वसंतात ती काही आठवडे बंद होती. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

उन्हाळा म्हटलं तरी आपला उन्हाळा नव्हे. वारा आणि पाऊस घटकेत येतात. लोकरी बनियन, वरून पाणी न शिरणारं जाकीट, कानटोपी आणि घट्ट तळव्याचे बूट हवेत. साडी नेसून चढू नये. सुती कापड भिजलं की जड होतं आणि वाऱ्यात अंग काकडतं. पंचे दोन घ्यावेत, ओले कपडे ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी, आणि खडे टोचू नयेत म्हणून पाण्यात घालायच्या रबरी सपाता.

चांदीची जोडवी, पैंजण घरीच ठेवा. गंधकाच्या वाफेनं चांदी काळी ठिक्कर पडते. चुकून पडलीच तर घाबरू नका, रांगोळीनं नाहीतर दातांच्या पावडरीनं घासली की पुन्हा उजळते. काचेच्या बांगड्याही नकोत, दगडांवर हात टेकवावे लागतात.

पाण्यात उतरण्याआधी कोपरानं पाहून घ्या. काठावर कुठंही दिसेल त्या डबक्यात बोट घालू नका, काही डबकी अक्षरशः उकळती असतात. लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नका. रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम पाण्यात बसू नये. बराच वेळ बसून एकदम उठलं तर भोवळ येते, म्हणून आधी काठावर टेकून मग उभं राहावं. साबण, शिकेकाई, तेल काहीही त्या पाण्यात लावू नये. वाहतं पाणी आहे, खाली दुसरं कोणी बसलेलं असतं.

शिदोरीला आम्ही दशम्या, तिळाची चटणी आणि गूळ नेला होता. चढून गेल्यावर दशमी-गुळाची चव काय लागते, ते तिथंच कळतं! तिथली राईची काळसर पाव-भाकरीही खाऊन पाहा. पीठ भांड्यात बंद करून कढत जमिनीत पुरतात आणि दिवसभरानं काढतात. गोडसर, दाट, लोणी लावून छान लागते. आणि जे काही न्याल त्याचा कागद-कपटाही परत आणा. त्या खोऱ्यात केराची टोपली शोधत बसू नका.

आइसलंड महाग आहे, हे मी लपवणार नाही. सगळ्यांना जमेलच असं नाही. पण ज्यांना तिकडे जाणं जमणार नाही त्यांना उन्हवरे आहे, राजवाडी आहे, आपली जवळची वज्रेश्वरी आहे. तिथंही ऊन पाणी हजारो वर्षं वाहतं आहे. घरातल्या मंडळींना घेऊन जालच. पण एकदा एखादी बहीण, जाऊ, नणंद किंवा शेजारीण बरोबर घ्या आणि नुसत्या दोघीच जा. कपडे सांभाळायचं काम पाळीपाळीनं करा.

आमच्या जाऊबाईंनी आता घरात नवा नियम केला आहे. रविवारी पहिली आंघोळ त्यांची. गीझर त्या स्वतःच लावतात, आणि बाहेरून कुणी “झालं का?” विचारलं तर आतून उत्तर येतं, “वेळ आहे अजून!”

मग, तुम्ही कधी निघताय?